मोती अकरा

२००५ साल. मी अटारी रेल्वे स्टेशनावर कस्टम्सचा इन्स्पेक्टर होतो. अमृतसर-लाहोर ही लाईन १८६२ची, आणि दोन्ही शहरांत अंतर पुणे-लोणावळ्याहूनही कमी. १९७६त सुरू झालेली समझौता एक्सप्रेस आधी थेट अमृतसरहून सुटायची, नंतर अटारीहून. संसदेवरच्या हल्ल्यानंतर बंद पडली ती २००४च्या जानेवारीत पुन्हा धावू लागली, आठवड्यातून दोनदा.

त्या प्रवासात गाडीत बसणं थोडं आणि रांगेत उभं राहणं फार. सगळ्यांनी सामानासकट उतरायचं, इमिग्रेशन, मग आम्ही. नातेवाइकांना भेटायला निघालेले खरे लोक एका पिशवीत मावतात. बाकीचे खेपा मारणारे. तेच चेहरे, तीच गाठोडी, आणि प्रत्येकाची दर महिन्याला लग्न होणारी एक बहीण. यांच्यापायी आम्ही खऱ्या माणसांवरही खेकसायला शिकलो होतो.

पाहुणा काही मौल्यवान घेऊन आला की ते टीबीआरई, म्हणजे परत न्यायच्या सामानाच्या, फॉर्मवर लिहायचं. जाताना ती वस्तू दाखवायची. नसेल तर ड्युटी. सोन्याला आम्ही सोनं लिहीत नाही, ‘पिवळा धातू’ लिहितो, कारण कस लावलेला नसतो. बहुतेक जण ‘पिवळ्या धातूचा दागिना, नग १’ एवढ्यावर उरकत. मला ते पटायचं नाही. आणलेली बांगडी जाड आणि परत नेलेली तारेएवढी, असे प्रकार मी पाहिले होते. म्हणून मी वजन, घडण, खडे, सगळं लिहायचो. आमचे सुपरिंटेंडंट निवृत्तीला आलेले, लाहोरहून उठून आलेल्या घरातले. ते म्हणायचे, “ओ मराठे, कम लिखया कर.” मला वाटायचं, कामचुकार माणूस.

एका दुपारी काउंटरवर सत्तरीची बाई. पासपोर्ट पाकिस्तानी, कराचीचा. तिने हातरुमालाची गाठ सोडली आणि आतून नथ निघाली. अस्सल आपली, तारेत गुंफलेले मोती, मध्ये माणिक, खाली पाचूचा ठिपका. मी नकळत मराठीत म्हणालो, “ही कुठली हो?”

बाईंनी मान वर केली. “आईची. राजापूरची होती ती.” मराठी जुनं, मध्येच उर्दू. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, मुंबईहून बोटी जात, नोकरीपायी किती तरी मराठी घरं कराचीत गेली आणि काही तिथेच राहिली, हे मला वाचून माहीत होतं. माणूस पहिल्यांदा पाहत होतो. राजस्थानातून सिंधमध्ये जाणारी मुनाबावची लाईन तेव्हा उघडली नव्हती, ती पुढच्या वर्षी. म्हणून कराचीहून कोकणात जायला ही बाई आधी पंजाबात चढली होती.

“भाचीच्या मुलीचं लग्न आहे,” त्या म्हणाल्या. “घालीन.”

मी आनंदाने लिहायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा असा दागिना टेबलावर होता ज्याची सगळी नावं मला येत होती. मोती अकरा. दोनदा मोजले. माणिकाचा रंग, पाचूचा आकार, तारेचा पीळ, वजन मिलिग्रॅमपर्यंत. एवढा सुंदर फॉर्म मी परत कधी लिहिला नाही.

महिन्याभराने त्या परत आल्या. नाकात एक बारीकशी चमकी.

“आजी, नथ?”

“दिली पोरीला.” जराही लपवाछपवी नाही. “तिकडचीच ना ती.”

सुपरिंटेंडंट मागे उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण हातातला फॉर्म आणि बाईंचं नाक त्यांनी पाहिलं. हळूच म्हणाले, “नक्क विच कुझ ता है ना? लिख दे, वापस गया.” फॉर्मवर ‘नाकातला दागिना, नग १’ एवढंच असतं तर चमकीवर भागलं असतं. पण तिथे माझ्याच अक्षरात अकरा मोती होते. मी त्यांना तसं म्हणालोही. साहेब काही न बोलता पलीकडच्या काउंटरला गेले.

नियम माझ्या बाजूने होता. पण खरं सांगायचं तर मी नियमाला धरून बसलो नव्हतो. बाजूचे दोघे शिपाई आमचं मराठी ऐकत होते, आणि ‘अपनीवाली को छोड़ दिया’ हे मला ऐकायचं नव्हतं. बाई पंजाबी असती तर मी सोडलं असतं का? बहुधा हो.

ड्युटी काढली. त्यांनी बटव्यातून नोटा मोजून दिल्या, हुज्जत नाही. नाहीतरी भारतीय नोटा त्यांना पलीकडे नेता येत नव्हत्याच, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. बाहेर गाडीला इंजिन लागलं होतं. बीएसएफचे घोडेस्वार रुळांच्या कडेने तयार होते, हद्दीवरचं लोखंडी फाटक उघडायची वेळ झाली होती.

मी पावती फाडून दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. इंग्रजी येत नव्हतं.

“वाचून दाखव रे बाळा, नथीचं काय लिहिलंस?”

पावतीवरचा रकाना बोटभर रुंद. मी वाचलं, “पिवळ्या धातूचा दागिना, नग १.”