त्या आलेखावरच्या तारखा

आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरांच्या, म्हणजे एखाद्या उत्पादनात काय करायचे हे ठरवणाऱ्यांच्या, मीटअपमध्ये आजवर झालेले सर्वांत उपयुक्त भाषण कोणते, असे कुणी विचारले तर माझ्याकडे उत्तर आहे. पण त्या भाषणाची आज कुठेही नोंद नाही. ध्वनिमुद्रण मी स्वतः पुसले, स्लाइड्स काढून टाकल्या आणि मासिक वृत्तांतात त्या संध्याकाळच्या विषयाचा उल्लेखही केला नाही. याला तीन महिने झाले. त्या दिवशी मी जे केले आणि जे करायचे राहिले, त्याचा हिशेब अजून लागत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे आणि गेली चार वर्षे एका सहकाऱ्याबरोबर हा मासिक मीटअप चालवते. बाहेरच्यांना वाटते, जागा मिळवणे, प्रोजेक्टर लावणे आणि नोंदणी करणे हेच यातले मुख्य काम असेल. ते काम थोडक्यात आटोपते. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्मे लोक येत नाहीत, हे एकदा धरून चालले की खुर्च्यांचाही अंदाज येतो. खरे काम असते ते वक्त्याबरोबरच्या तालमीचे. प्रत्येक वक्त्याशी आम्ही किमान दोनदा, तासतासभर बोलतो; कंपनीची ओळख करून देणाऱ्या पहिल्या सहा स्लाइड्स काढायला लावतो आणि तीन प्रश्न विचारतो: निर्णय घेताना तुम्ही काय गृहीत धरले होते, कोणता आकडा दिसला असता तर तुम्ही माघार घेतली असती, आणि तो आकडा तुम्ही खरोखर पाहत होतात का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वक्ते थांबतात. कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने तयार करून दिलेले भाषण असेल तर ते तिथेच संपते, कारण त्या भाषणांमधला आलेख नेहमी वरच जात असतो आणि त्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काहीही लागत नाही.

आमच्या व्यवसायाला अशा मीटअपची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे. दहा इंजिनिअर एकमेकांचा कोड तपासतात, डिझायनर एकमेकांच्या मांडणीवर टीका करतात. प्रॉडक्ट मॅनेजर मात्र बहुधा आपल्या गटात एकटाच असतो आणि त्याचा निर्णय त्याच्याच कामाची जाण असलेल्या दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून क्वचितच जातो. हे एकटेपण व्यवसायाच्या मुळातच आहे. १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी वरिष्ठांना तीन पानांचे टिपण लिहिले आणि एका ब्रँडची विक्री कुठे कमी आहे, का कमी आहे, ती सुधारायची कशी, या सगळ्याची जबाबदारी घेणारा माणूस असावा असे सुचवले. जबाबदारी एकाची, पण काम करणारी माणसे मात्र दुसऱ्यांच्या अधिकाराखाली, ही आमची आजची अवस्था त्या टिपणापासून फार दूर गेलेली नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात प्रॉडक्टकॅम्प सुरू झाला, २०१० मध्ये लंडनमध्ये प्रॉडक्टटँक सुरू झाला आणि मग जागोजागी अशा बैठका भरू लागल्या, यामागे ही एकट्याने निर्णय घेणाऱ्यांची भूक आहे असे मला वाटते.

त्या महिन्याच्या वक्त्या आमच्या मीटअपला दोन वर्षे नियमित येत होत्या. आपल्या हातून झालेल्या एका चुकीवर बोलायचे आहे, असे त्यांनी आपणहून कळवले होते. चूक जुनी नव्हती, आठ महिन्यांपूर्वीची होती, आणि त्याच कंपनीत त्या अजून काम करत होत्या. या दोन्ही गोष्टी मला तेव्हाच खटकायला हव्या होत्या. मला आनंद झाला, कारण इतकी ताजी आणि इतकी तपशीलवार कहाणी आमच्याकडे कधीच आली नव्हती.

कहाणी अशी होती. त्यांच्या ॲपवर आठवड्याचे सक्रिय वापरकर्ते वाढवण्याचे उद्दिष्ट होते. ज्यांनी तीन दिवस ॲप उघडलेले नाही, त्यांना संध्याकाळी एक जादा नोटिफिकेशन पाठवावे, अशी कल्पना पुढे आली आणि तिची रीतसर चाचणी सुरू झाली: निम्म्यांना नोटिफिकेशन, निम्म्यांना नाही. किती वापरकर्ते लागतील याचे गणित आधी मांडलेले होते आणि त्यानुसार चाचणी १४ दिवस चालायची होती. पण चाचणीचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड रोज उघडला जात होता आणि पाचव्या दिवशी फरक लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग नसावा इतका, असल्याचे त्यावर हिरव्या रंगात दिसले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची आढावा बैठक होती. चाचणी थांबवली गेली आणि जादा नोटिफिकेशन सर्वांना सुरू झाले.

या ठिकाणी त्यांनी फळ्यावर जे मांडले, ते मी आजवर कोणत्याही प्रशिक्षणात इतके स्वच्छ ऐकलेले नाही. प्रत्यक्षात काही फरक नसताना तो असल्याचा भास होण्याची शक्यता पाच टक्क्यांवर रोखायची, म्हणून आपण जी मर्यादा लावतो, ती शेवटी एकदाच पाहण्यासाठी असते. तीच मर्यादा ठेवून सारख्या अंतराने पाच वेळा डोकावले आणि अनुकूल आकडा दिसताच थांबले, तर भासाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. दहा वेळा डोकावले तर सुमारे १९ टक्क्यांवर. रोज डॅशबोर्ड पाहण्यात परिश्रम दिसतात, म्हणून त्याला कुणी हरकत घेत नाही. वरिष्ठांच्या बैठकीच्या तारखेवरून चाचणीची लांबी ठरते, हे तर मी स्वतः तीन कंपन्यांत पाहिले आहे, आणि त्यात दोष बैठक घेणाऱ्यांचा जास्त असतो, कारण आकडा मागताना तो पिकला आहे की नाही हे ते विचारत नाहीत.

पण त्यांच्या भाषणाचा गाभा पुढे होता. सक्रिय वापरकर्त्यांचा आकडा सर्वांना नोटिफिकेशन सुरू केल्यावर काही काळ खरेच वाढला. डॅशबोर्डवर नसलेला आकडा होता नोटिफिकेशनची परवानगीच बंद करून टाकणाऱ्यांचा. तो दुसऱ्या एका गटाच्या साप्ताहिक तक्त्यात पडून होता. ही परवानगी म्हणजे काय, हे आमच्या व्यवसायातही अनेकांना नीट उमगलेले नसते. आयफोनवर परवानगी मागणारी चौकट ॲपला एकदाच दाखवता येते. माणसाने नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी बंद केली, तर ती तो स्वतः तिथे जाऊन सुरू करीपर्यंत ॲपला त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा तो रस्ता संपतो. आणि वैतागलेला माणूस फक्त संध्याकाळचे नोटिफिकेशन बंद करत नाही, सरसकट सगळीच बंद करतो. सहा आठवड्यांनी सपोर्ट विभागाकडे वेगळ्याच तक्रारी वाढल्या: माझे पैसे कापले गेले, मला कळवले का नाही, माझ्या खात्यात नव्या उपकरणावरून प्रवेश झाला, मला इशारा का आला नाही. इशारा पाठवला गेला होता, पण तो पोहोचण्याची वाट आम्हीच बुजवली होती, असे त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तो आलेख दाखवला. एक रेषा सक्रिय वापरकर्त्यांची, दुसरी ज्यांच्यापर्यंत संदेश पोहोचू शकतो अशा वापरकर्त्यांची, आणि दोन्ही उघडलेल्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींपासून दूर जाणाऱ्या. खाली तारखा होत्या.

त्या तारखा माझ्यामुळे होत्या. पहिल्या तालमीत त्यांनी कंपनीचे नाव, ॲपचे नाव आणि प्रत्यक्ष संख्या काढून टाकल्या होत्या आणि तारखाही काढल्या होत्या. मीच म्हणाले, “तारखा राहू द्या. नुकसान सहा आठवड्यांनी दिसले, हाच तर मुद्दा आहे. तारखा गेल्या तर तो कळणार नाही.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि तारखा पुन्हा घातल्या.

भाषण संपल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. ते दीड वर्ष येत होते आणि त्यांनी कधी तोंड उघडलेले नव्हते. ते म्हणाले, “आमची चाचणी सहाव्या दिवशी आहे आणि उद्या सकाळी आम्ही ती थांबवणार होतो.” त्यांच्यानंतर एकामागून एक हात वर होत गेले, आणि त्या संध्याकाळी लोकांनी आपल्या कामाबद्दल जे खरेपणाने सांगितले, तसे चार वर्षांत ऐकले नव्हते. मी घरी गेले ती समाधानाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आलेखाचा फोटो एका उपस्थिताने समाजमाध्यमावर टाकला. हेतू वाईट नव्हता. “काल ऐकलेले सर्वांत प्रामाणिक भाषण” असे त्याने लिहिले होते. दुपारपर्यंत कुणीतरी खाली ॲपचे नाव लिहिले. ते ओळखणे अवघड नव्हते. ॲप स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या आवृत्त्यांचा इतिहास तारखांसह कुणालाही पाहता येतो. बदलाची तारीख आलेखावर होती, ती जुळवली की झाले. आमच्या विनंतीवरून त्याने फोटो तासाभरात काढला, पण तोवर तो पुढे गेला होता.

संध्याकाळी त्या वक्त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. “तुम्ही म्हणाला होतात, खोलीतले खोलीतच राहील,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांची नोकरी गेली नाही; पण त्यांना त्या ॲपच्या कामावरून हलवण्यात आले, आणि ज्या बैठकीच्या तारखेसाठी चाचणी अर्ध्यावर थांबली होती ती बैठक घेणाऱ्यांना कुणी काही विचारल्याचे मला समजले नाही. त्यानंतर त्या मीटअपला आलेल्या नाहीत.

आम्ही नियम सांगितला नव्हता असे नाही. लंडनच्या चॅथम हाउस संस्थेचा १९२७ पासूनचा नियम आम्ही दर वेळी सुरुवातीला वाचून दाखवतो: ऐकलेली माहिती वापरायला मोकळीक, पण ती कुणी सांगितली आणि तो कोणत्या संस्थेचा, हे उघड करायचे नाही. उशिरा आलेल्यांनी तो ऐकलेला नसतो, ही आमची ढिलाई. पण मोठी अडचण त्या नियमातच आहे. तो माहिती आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. आमच्या व्यवसायात आकडा, तारीख आणि बदल एकत्र आले की माहिती हीच ओळख होते. फोटो टाकणाऱ्याने अक्षरशः नियम पाळला होता.

माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे पडले, की यापुढे निदान दोन वर्षे जुनी आणि सोडलेल्या नोकरीतलीच कहाणी घ्यावी. “तू तिच्या जागी असतीस तर?” असे त्याने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. तरीही मला ते पटत नाही. दोन वर्षांनी माणसाला आपली चूक आठवते, पण पाचव्या दिवशी डॅशबोर्डवर नेमके काय दिसले आणि मनात काय आले हे आठवत नाही. मागच्या रांगेतले ते गृहस्थ गुळगुळीत झालेल्या कहाणीने उठले नसते.

या वादातून मी विमान वाहतुकीत हे कसे करतात ते वाचू लागले. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि इतर कर्मचारी आपल्या चुका गोपनीयपणे कळवतात. त्या स्वीकारते नासा, म्हणजे शिक्षा करण्याचा अधिकार नसलेली तिसरी संस्था, आणि नोंद साठवण्याआधी त्यातून ओळख पटवणारे सारे काढले जाते. काय काढायचे याच्या त्यांच्या वर्णनात नावांच्या जोडीला एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: तारखा आणि वेळा. त्या एक तर गाळतात, नाही तर ढोबळ करतात.

ते वाचले त्या रात्री मी तो आलेख कागदावर पुन्हा काढला. खाली तारखांच्या जागी लिहिले: आठवडा ०, आठवडा १, आठवडा २. सहाव्या आठवड्यापाशी कात्री तितकीच स्पष्ट उघडलेली दिसत होती. मुद्दा कुठेही हरवला नव्हता. तालमीत हे सुचायला मला एक मिनिटही पुरले असते. आता मी प्रत्येक वक्त्याच्या स्लाइड्समधल्या तारखा स्वतः बदलते आणि नियम फक्त सुरुवातीला नव्हे, तर महत्त्वाच्या स्लाइडआधीही पुन्हा वाचते. फोन खिशात ठेवायला सांगते. लोक ऐकतात. ताज्या चुकीवर बोलायला मात्र त्यानंतर कुणी पुढे आलेले नाही.

गेल्या आठवड्यात मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांचा संदेश आला. त्यांनी चाचणी थांबवली नव्हती, वरिष्ठांशी भांडून ती पूर्ण मुदत चालवली होती, आणि सहाव्या दिवशी दिसलेला फायदा शेवटी उरलाच नव्हता. वक्त्यांना हे कळवाल का, असे त्यांनी विचारले होते. मी दोन दिवस विचार केला आणि त्यांचे नाव काढून तो मजकूर बाईंना पाठवला. उत्तराची अपेक्षा नव्हती. रात्री उशिरा एका ओळीचे उत्तर आले: “त्यांनी परवानगी बंद करणाऱ्यांचा आकडा पाहिला का?”

मी तो प्रश्न तसाच पुढे पाठवला. तो आकडा त्यांच्याही डॅशबोर्डवर नव्हता.