कानांनी पाहिलेले सिनेमे : चार महिन्यांची नोंद

वीस मराठी सिनेमे, प्रत्येक दोनदा, असा संकल्प सोडला त्याला चार महिने झाले. नऊ पूर्ण झालेत. पहिल्यांदा रविवारी दुपारी सगळ्यांबरोबर नेहमीसारखा बघायचा. मग त्याच आठवड्यात एका रात्री लॅपटॉपचा स्क्रीन भिंतीकडे फिरवून, हेडफोन लावून तोच सिनेमा नुसता ऐकायचा आणि जे ऐकू येईल ते वहीत उतरवायचं. रविवारी आम्ही चौघं असतो: मी, आत्या, समोरच्या वाड्यातले निवृत्त सर आणि लग्नसमारंभात साउंड लावणारा माझा मित्र. त्याच्या कानांचा मला फार उपयोग होतो.

सुरुवात कोल्हापुरातूनच केली. 'अयोध्येचा राजा' 1932 चा, मराठीतला पहिला बोलपट, आणि प्रभात कंपनी तेव्हा इथेच होती. पुण्याला गेली ती पुढच्या वर्षी. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांचे संवाद ऐकताना कळतं की माणसं माइकसाठी बोलतायत. शब्द सुटा सुटा, शेवटचं अक्षरही पूर्ण. नाटकातली सवय असं आपण पटकन म्हणतो, पण माझ्या वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. माइक नवा असताना माणूस असाच जपून बोलेल ना?

सगळ्यात जास्त पानं गेली ती 'कुंकू'वर. साल 1937, प्रभातचाच, दिग्दर्शक व्ही. शांताराम. नीराचं लग्न फसवून काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी लावतात आणि ती ते लग्न मानायलाच नकार देते, हे सगळ्यांना माहीत असतं. मला ओढ होती ती वेगळ्याच गोष्टीची: या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. दिग्दर्शकाने ते ठरवून टाळलं. गाणी आहेत, पण प्रसंगाखाली वाद्यवृंद नाही.

रविवारी बघताना मात्र काहीतरी कमी वाटत होतं. काकासाहेबांच्या घरातलं घड्याळ पडद्यावर पुन्हा पुन्हा येतं, लंबक हलतो, आणि ऐकू काहीच येत नाही. मला वाटलं, मूळ सिनेमाच तसा असेल. मित्राने हेडफोन घेतला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "ही कॉपी कुणीतरी धुतलीय रे. खरखर काढताना टिकटिकपण काढून टाकली." नेटवर मिळालेली ती 'स्वच्छ केलेली' आवृत्ती होती. मग दुसरी, जुनी, खरखरीने भरलेली कॉपी शोधली. पाऊस पडतोय असं वाटावं इतका आवाज, पण त्या पावसाच्या आत घड्याळ होतं. टिक, टिक. ते कानावर आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तरुण बायको दाराआड, मिशीला कलप लावणारा नवरा बाहेर, आणि दोघांच्या मध्ये ते घड्याळ त्याचं वय मोजत बसलेलं.

तेव्हापासून नियम केलाय. जुना सिनेमा असेल तर दोन कॉप्या मिळवायच्या आणि जास्त खरखर असलेली निवडायची. तुमच्यापैकी कुणी जुने सिनेमे जमवत असाल तर कळकळीची विनंती आहे, धुतलेली कॉपी मिळाली म्हणून जुनी फाइल उडवू नका.

'कुंकू'वर आमचं बरंच वाजलं. मित्राचं म्हणणं, तेव्हा यंत्रंच साधी असतील, म्हणून संगीत टाळलं असेल. सरांना ते अजिबात पटलं नाही. "अहो, एकच वर्ष आधी याच कंपनीने 'संत तुकाराम' केला. संगीत कसं वापरायचं हे त्यांना शिकवावं लागत होतं का? टाळलं ते मुद्दाम टाळलं." मी सरांच्या बाजूने आहे. नीरा नवऱ्याला तोंडावर उत्तर देते तेव्हा खाली व्हायोलिन असतं तर तिची बाजू घ्यायची की नाही हे व्हायोलिनने ठरवलं असतं. इथे ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि 1937 च्या प्रेक्षकालाही ठरवावं लागलं असणार. नीरा झालेल्या शांता आपटे एका ठिकाणी लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. आत्याने ती शाळेत पाठ केली होती. तिने पडद्याबरोबर अख्खी म्हणून दाखवली, एकही ओळ न चुकता.

'संत तुकाराम' (1936) बद्दल नवीन काय लिहावं असं वाटत होतं, पण दुसऱ्या फेरीत तो निराळाच निघाला. डोळे मिटले की तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आणि जिजाई झालेल्या गौरी हे दोन आवाज उरतात. पागनीसांचा आवाज कायम एकाच उंचीवर, संथ. बोलतानाही गाण्याच्या काठाशी असल्यासारखा. गौरीची जिजाई मात्र चढते, पडते, दम खाते, पुन्हा सुटते. आत्या म्हणाली, "तुका देवाशी बोलतोय, पण पोरांच्या पोटाचं कोण बोलतंय ते ऐक की." त्यानंतर मला तो सिनेमा जिजाईचाच वाटायला लागलाय. वैकुंठ तुकोबांचं, जमीन तिची. सरांना हे मान्य नाही. त्यांच्या मते दोन्ही आवाज लागतात, एक काढला की दुसरा पोकळ होतो. तेही खरं असेल. 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं पद लोक गाथेत शोधत बसायचे, ते का, हे नुसतं ऐकताना लगेच कळतं. शब्दांची ठेवणच तशी आहे.

'श्यामची आई' (1953) बघितला. माझ्याकडची कॉपी इतकी वाईट होती की आवाजाबद्दल काही लिहिणं अन्याय होईल. आई झालेल्या वनमालाबाईंसाठी पुन्हा बघणार.

'श्वास' (2004) ऐकण्याचा प्रयोग जड गेला. डोळ्यांच्या कॅन्सरमुळे दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला आजोबा ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातून बाहेर फिरायला घेऊन जातात. ती फेरी मी अंधारात ऐकत होतो आणि मध्येच लक्षात आलं की त्या पोराला उद्यापासून जग असंच येणार आहे. वही बाजूला ठेवली. अरुण नलावडे नातवाशी बोलताना आवाज मुद्दाम हलका ठेवतात आणि डॉक्टरांशी बोलताना तोच आवाज घशात अडकतो. त्या रात्री एवढीच ओळ लिहिली.

आता 'कोर्ट' (2014). 'कुंकू'नंतर मला सगळ्यात जवळचा नातेवाईक सापडला तो इथे, 77 वर्षांनी. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमात जे संगीत आहे ते प्रसंगातलंच: शाहिराचं मंचावरचं गाणं, नाट्यगृहातलं नाटक. त्यापलीकडे खोलीचा आवाज. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. बघताना मी सगळा वेळ चेहरे न्याहाळत होतो. ऐकताना कळलं की खरा खेळ भाषेचा आहे. साक्षीदार मराठीत किंवा हिंदीत बोलतो, न्यायाधीश ते क्षणभर थांबून इंग्रजीत सांगतात, टंकलेखक ते टिपतो. कामगाराची विधवा सांगते की नवरा गटारात उतरण्याआधी झुरळ बाहेर येतंय का ते बघायचा, म्हणजे आत हवा आहे की नाही ते समजायचं. तिचा आवाज सपाट आहे, रडणं नाही, तक्रार नाही. आणि तेच वाक्य नोंदीत जाताना त्यातली ती बाई निघून जाते. हे मला डोळ्यांनी दिसलं नव्हतं, कानांनीच कळलं.

मित्राला 'कोर्ट' कंटाळवाणा वाटला, हे इथे लिहिलं पाहिजे. शॉट फार लांब, कॅमेरा हलत नाही, अशी त्याची तक्रार. शेवटाकडे सुट्ट्या लागतात, कोर्टाचे दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो, तिथे त्याला वाटलं वीज गेली. मला तो काळोख अख्ख्या सिनेमातला सर्वात बोलका क्षण वाटतो. वाद मिटलेला नाही.

'फँड्री'त (2013) राष्ट्रगीताचा प्रसंग नागराज मंजुळे यांनी कसा रचलाय ते डोळे मिटून ऐकाच. डुकरामागची धावपळ, ओरडणं, धापा, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. एकेक आवाज थांबत जातो. डुक्कर निसटतं. ते संपेपर्यंत आपणही श्वास रोखून धरतो, कारण ऐकणाऱ्याला दुसरं काही करायला जागाच ठेवलेली नाही. शेवटी हसणाऱ्यांवर भिरकावलेला दगड मी पाहिला होता तेव्हा दचकलो होतो. ऐकताना दगडापेक्षा त्याआधीची लोकांची हसण्याची लाट जास्त लागली.

'किल्ला' (2014) चौघांनाही आवडला. अमृता सुभाष यांची थकलेली, बदली होऊन आलेली आई फार खरी आहे. पाऊस आणि समुद्र इतके समोर असताना संगीत काही ठिकाणी घाई करतं, असं माझं मत. सरांनी यावर मान डोलावली, आत्याने नाही.

नववा 'द डिसायपल' (2020), पुन्हा ताम्हाणे. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मोटारसायकलवरून जाताना कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंची, भाषणं लावतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. हेडफोनवर ऐकताना मी आणि शरद एकाच जागी बसलो होतो: त्याच्या कानात जे, तेच माझ्या कानात. मागे तानपुरा. प्रमुख भूमिकेत आदित्य मोडक आणि गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड, दोघेही खरोखर गाणारे, त्यामुळे सूर कुठे डळमळतो ते अभिनयात नाही, गळ्यात ऐकू येतं. माझा कान शास्त्रीय संगीतात कच्चा आहे. सर शेजारी बसून "आता बघ, इथे हरवला" असं सांगत होते आणि तिसऱ्या वेळी मला ते न सांगता कळलं. चार महिन्यांतली माझी ही सगळ्यात मोठी कमाई.

पुढचे अकरा ठरायचेत. 'माणूस' (1939) नक्की आहे, शांता हुबळीकरांसाठी आणि 'कुंकू'नंतर शांतारामबापूंनी आवाजाचं काय केलं ते ऐकायला. 'विहीर' आणि 'देऊळ' मित्राने सुचवलेत. 'माणूस'ची खरखर असलेली, कुणी न धुतलेली कॉपी कुणाकडे असेल तर जरूर कळवा. या रविवारी मात्र नवीन काही लावणार नाही. आत्याला 'कुंकू' परत बघायचाय, खरखरवाली कॉपी, आणि तिने बजावलंय की इंग्रजी कविता आली की कुणी मध्ये बोलायचं नाही.