जांघेतला हर्निया आणि कोकणातले चढ

आरे-वारेच्या रस्त्याने सायकलवर गणपतीपुळ्याला जाऊन आल्यावर आंघोळ करताना उजव्या जांघेच्या वर लिंबाएवढा फुगवटा दिसला. दुखत काहीच नव्हतं. आडवा झालो की तो नाहीसा व्हायचा, उभा राहून खोकलो की परत यायचा. ही ये-जा हीच हर्नियाची मोठी खूण. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधान (सुजलेली गाठ) येतं, ते वेगळं. ती गाठ दाबली की दुखते आणि आडवं झालं तरी जागची हलत नाही.

सर्जन उभं करून तपासतात. फुगवट्यावर बोटं ठेवून खोकायला सांगतात आणि खोकल्यासरशी बोटांना आतून धक्का लागतो. एवढ्यावर निदान होतं. शंका असेल तरच सोनोग्राफी. ती करायची झाली तर उभं राहून, खोकत करून घ्यावी, कारण निवांत आडवं पडून केलेल्या सोनोग्राफीत लहान हर्निया सहज निसटतो.

आतला प्रकार असा: जांघेच्या वर पोटाच्या भिंतीत साधारण ४ सेंटिमीटर लांबीची तिरकी वाट असते. पुरुषांत अंडकोषाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका तिच्यातून जातात. तिथली भिंत सैल पडली की आतली चरबी किंवा आतड्याचं वेटोळं त्या जागेतून बाहेर डोकावतं. भोक औषधाने बुजत नाही, व्यायामानेही नाही.

‘सायकलनेच झालं’ हे घरी-दारी ऐकावं लागतं. बसून पेडल मारण्याने पोटातला दाब फारसा वाढत नाही. दाब वाढतो तो कुंथण्याने, म्हणजे दम कोंडून जोर लावण्याने. सायकलवर हे मुख्यतः एकाच प्रसंगी घडतं: खड्या चढावर सीटवरून उठून, श्वास धरून, हँडल ओढत पेडल तुडवताना. बाकीचं कुंथणं सायकलच्या बाहेरचंच. रहाटावरून पाणी ओढणं, आंब्याचे क्रेट टेम्पोत चढवणं, वाळूतून होडी ढकलणं, भरलेला सिलिंडर उचलणं (गॅस १४.२ किलो, वर जवळपास तितकंच लोखंड). शौचाला जोर करावा लागणं आणि जुना खोकला यांचा वाटा तर रोजचा. पन्नाशीनंतर लघवीला जोर लागत असेल तर आधी प्रोस्टेट दाखवून घ्यावं, नाहीतर ऑपरेशननंतरही जोर चालूच राहतो.

त्रास नसेल तर पुरुषांनी सर्जनच्या सल्ल्याने थांबायला हरकत नसते. बायकांमध्ये मात्र जांघेतली गाठ मांडीकडच्या वाटेची असू शकते आणि ती अडकण्याचा धोका बराच जास्त, म्हणून तिथे थांबू नये. गाठ एकदम कडक झाली, आत जाईना, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, की आतडं अडकलं असं धरायचं. मग गाठ दाबत बसायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. इथे तास मोजावे लागतात. रात्री उशिरा जयगड-तवसाळची फेरीबोट नसते आणि खाडीला वळसा घालायचा तर वेळ फार जातो. म्हणून आपल्या बाजूला रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं कुठे मिळतात, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवावं.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत सर्जनच्या परवानगीने सायकल चालू ठेवली, फक्त गिअर बदलले. आपल्याकडे घाट लांब नसतात, पण खाडीपासून सड्यापर्यंतचे (वरच्या कातळाच्या पठारापर्यंतचे) चढ आखूड आणि अंगावर येणारे. माझ्या सायकलला पुढे ३४ आणि मागे सर्वांत मोठी चकती २८ दातांची होती. ताशी साडेआठ किलोमीटरने चढताना त्यावर पेडलचे मिनिटाला ५५ फेरेच पडायचे, आणि इतक्या कमी फेऱ्यांत माणूस आपसूक उठून उभा राहतो. मागे ११-३४ कॅसेट (चकत्यांचा संच, सर्वांत लहान ११ आणि सर्वांत मोठी ३४ दातांची) बसवल्यावर त्याच वेगाला ६७ फेरे पडू लागले आणि बसून, बोलत चढता येऊ लागलं. बोलता येतंय म्हणजे दम कोंडलेला नाही, ही साधी तपासणी. कॅसेट बदलताना मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब केजचा, म्हणजे लांब दांडीचा, लागतो आणि चेनही लांब घ्यावी लागते. जुनीच चेन ठेवली तर पुढची मोठी आणि मागची मोठी चकती या जोडीवर ती ताणून बसते आणि डिरेलर तुटू शकतो. हँडल दोन सेंटिमीटर वर घेतलं, म्हणजे पोट मांड्यांत चेपत नाही. कमरेला इलॅस्टिक असलेल्या चड्डीऐवजी खांद्यावर पट्टे असलेली बिब घेतली, कारण इलॅस्टिक नेमकं फुगवट्याच्या वर काचतं. निघण्याआधी आडवं होऊन गाठ आत गेली आहे ना हे पाहायचं. ज्या दिवशी ती सहज जात नाही, त्या दिवशी सायकल भिंतीलाच टेकलेली बरी.

मेडिकलमध्ये मिळणारा हर्नियाचा पट्टा आडवं होऊन, गाठ आत गेल्यावरच बांधायचा असतो. उभ्याने बांधला तर बाहेर आलेलं आतडंच दाबलं जातं. सायकलवर तो सरकतो, त्याखाली घाम साचतो, आणि बरा तर काहीच करत नाही. मी चार दिवसांत काढून टाकला.

माझी तारीख पुढे गेली ती एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने: जांघेतला नायटा. पावसात वाळता न वाळलेली पॅडची चड्डी घातली की कोकणात तो ठरलेलाच. जिथे चीर द्यायची तिथलीच कातडी खराब असेल तर सर्जन ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि ते बरोबरच आहे. ऑपरेशनात भिंतीला आधार म्हणून आत जाळी बसवतात, तिला जंतुसंसर्ग झाला तर कधीकधी ती काढावी लागते. नायटा दिसेनासा झाला तरी मलम सांगितलेले दिवस पूर्ण लावायचं, आणि मेडिकलवाला देतो ते स्टिरॉइड मिसळलेलं मलम अजिबात नाही. त्याने खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. रुग्णालयात ऑपरेशनच्या आधी मशीनने काढतात.

ऑपरेशन दोन तऱ्हांचं. उघड्या पद्धतीत जांघेत बोटभर चीर देऊन पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी शिवतात. बहुतेकदा कमरेखाली भूल पुरते आणि खर्च कमी येतो. दुर्बिणीच्या पद्धतीत तीन छोटी छिद्रं आणि आतून साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी. पूर्ण भूल लागते, पण दुखणं कमी आणि दोन्ही बाजू एकदम करता येतात. जाळीशिवायची पद्धतही आहे: पुण्याचे सर्जन डॉ. मोहन देसरडा यांनी पोटाच्या स्नायूच्या पडद्याचीच पट्टी वापरून भिंत उभी करायची रीत काढली आणि २००१ साली ती प्रसिद्ध केली. माझं मत विचाराल तर पद्धतीपेक्षा सर्जनचा हात कशावर बसला आहे, ते विचारावं. मेडिक्लेम असेल तर कागद आधी काढा, कारण बऱ्याच पॉलिसींत हर्नियाला सुरुवातीची दोन वर्षं संरक्षण नसतं. सरकारी योजनेतून करायचं तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटावं.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधीच सांगायची. ऑपरेशनपूर्वी सहा तास खाणं बंद. कमरेतल्या भुलीनंतर पाय जागे होतात, पण लघवी उशिरा होते. तुंबली तर तात्पुरती नळी घालतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. उठताना सरळ उठायचं नाही: कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताने रेटा देत बसायचं. खोकला आला की उशी जखमेवर दाबून धरायची. अंडकोष सुजून काळानिळा होऊ शकतो, तेव्हा लंगोट किंवा घट्ट चड्डी कामी येते. दुर्बिणीनंतर जुन्याच जागी पाणी साचून गाठ दिसू शकते आणि हर्निया परत आला असं वाटतं. ती बहुधा काही आठवड्यांत जिरते, पण दाखवून घ्यावी. ताप, वाढती लाली किंवा पू असेल तर मात्र त्याच दिवशी.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी संडासात. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट बांधलं जातं. मी पहिल्या रात्रीपासून गरम पाण्यातून इसबगोल घेतलं, जेवायला मऊ भात, मुगाचं वरण आणि सोलकढीऐवजी साधं कोकमाचं सार. नारळाचा रस त्या दिवसांत जड पडतो.

सायकल परत कधी? २०१८ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, झेपेल तसं, अगदी तीन ते पाच दिवसांतही नेहमीची कामं सुरू करा. आपल्याकडचे सर्जन सहसा सहा आठवडे वजन उचलू देत नाहीत. मी आपल्या सर्जनचं ऐकलं. चालणं दुसऱ्या दिवसापासून. तिसऱ्या आठवड्यात घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) वीस मिनिटं, हलक्या गिअरवर. चौथ्यात रत्नागिरीतल्या पंधरामाड ते मिऱ्या, सपाट रस्ता. रस्त्यावर उतरण्याआधी एकच चाचणी केली: उभ्या सायकलवर बसून एकदम ब्रेक दाबून पाय टेकला. जांघेत कळ आली तर रस्ता नाही, कारण समोर कुत्रं आडवं आलं की नेमकं हेच करावं लागतं. सीटवरून पाय टाकताना जखम ओढली जाते, म्हणून सायकल जमिनीकडे कलती करून ओलांडायची. सहाव्या आठवड्यात भाट्याचा पूल ओलांडून पुढचा चढ बसून चढलो. उभ्याने पेडल मारलं ते तिसऱ्या महिन्यात.

चिरेच्या खालची कातडी अजून बधिर आहे. चीर देताना तिथल्या बारीक नसा दुखावतात, त्यामुळे होतं असं. सीटचं टोक किंचित खाली झुकवल्यापासून सायकलवर ते बधिरपण जाणवत नाही.