ओला कचरा, सुका कचरा आणि घरातली दोन पोरं – माझा अनुभव

थोरलीच्या शाळेतून 'पृथ्वी वाचवा' असा प्रोजेक्ट आला आणि त्याला सामान काय मागितलं तर थर्माकोलची शीट आणि ग्लिटर!! थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ लाच बंदी आलीये, पण असो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर प्रोजेक्ट करून दिला आणि ठरवलं की हा विषय आपण घरीच शिकवायचा.

थोरली सात वर्षांची, धाकटा चार. एवढ्याशा पोरांना ग्लोबल वॉर्मिंग सांगून होतं काय, तर एकतर डोक्यावरून जातं नाहीतर रात्री झोपताना "आई, आपलं घर बुडणार का गं?" सुरू होतं. मला तर वाटतं या वयात भाषण नकोच, काम द्या. आणि काम खरं द्या, कारण उगाच गुंतवून ठेवायला दिलेलं काम त्यांना बरोब्बर कळतं आणि ती दोन मिनिटात पळतात.

आमचं पहिलं काम म्हणजे खताची बादली. रंगाची २० लिटरची रिकामी बादली होतीच, नवऱ्याने तिला चारी बाजूंनी आणि तळाला भोकं पाडून दिली, खाली विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेली पानं, मग रोजची भाजीची सालं-देठं, चहाचा चोथा, आणि प्रत्येक थरावर परत मूठभर पानं. विरजण म्हणून आंबट ताक शिंपडलं. वेगळं कल्चर विकत घ्यायची गरज पडली नाही. शिजवलेलं अन्न मात्र घालत नाही, उंदीर येतात.

आता यात पोरांची कामं वाटून दिलीयेत. अंड्याची टरफलं चुरायची (यावरून भांडणं होतात इतकं आवडतं), केळ्या-सफरचंदावरचे स्टिकर काढायचे, आणि देवाचे हार सुकले की त्यातला दोरा आणि जरी वेगळी करायची, कारण फुलं कुजतात, जरी कुजत नाही. ओलावा बघायचं काम थोरलीचं. मूठभर खत हातात घट्ट दाबायचं, पाण्याचे थेंब टपकले तर फार ओलं, मग पानं घालून ढवळायचं. हात घाण होतो म्हणून सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, आता त्याच विचारतात "आज बादली ढवळली का गं कुणी?"

मग अळ्या झाल्या. पांढुरक्या, जाड, वळवळणाऱ्या. मला शिसारी आली पण धाकटा जो खूश झाला, रोज शाळेतून आला की आधी बादली मग दप्तर. या बहुतेकदा सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असतात, ओला कचरा फटाफट खातात, आपल्याला काही करत नाहीत. फार वाढल्या तर समजायचं की कोरडं कमी पडतंय. साधारण दोन-अडीच महिन्यांत खालचं काळंभोर, पावसाच्या मातीसारख्या वासाचं होतं आणि तोवर पोरांचा पेशन्स टिकवणं हेच खरं काम आहे. त्या काळात या अळ्यांनीच तारलं म्हणायचं.

सुक्या कचऱ्याचं मात्र मी नाही शिकवलं, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी शिकवलं. पुण्यात आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई येतात, कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे ती, आणि घराघरातून मिळणारी फी सोडली तर त्यांची कमाई सुकं भंगार विकूनच होते. एकदा पोरं दारात होती तर ताईंनी आमच्याच पिशवीतली दुधाची पिशवी उचलून दाखवली, म्हणाल्या, "बाळा, ही धुवून वाळवून दिलीस ना तर हिला भाव येतो, अशी चिकट दिली तर कुणी घेत नाय." बस्स. तेव्हापासून पिशवी धुवून दोरीवर लागते आणि कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो बारका तुकडा नंतर कुणाच्याच हाताला लागत नाही. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा हेही त्यांनीच सांगितलं, ठिपका काढायचं काम अर्थातच धाकट्याचं. आपला कचरा कुणीतरी हाताने निवडतं हे पोरांना त्या एका मिनिटात कळलं, मी तासभर बोलले असते तरी कळलं नसतं.

अजून एक करून बघा. काचेच्या बरणीत ओलसर माती, तिच्यात केळ्याची साल, सुती चिंधी, वर्तमानपत्राचा तुकडा आणि वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा, सगळे काचेला चिकटून दिसतील असे पुरायचे आणि वर तारीख लिहायची. साल लवकरच गायब, कागद मऊ पडून विरला, चिंधीला भोकं पडली, पाकीट अजून चमकतंय. त्यात प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्याला भंगारवालाही हात लावत नाही. म्हणून आमच्याकडे वेफर्स बंद झाले का? अजिबात नाही!! महिन्यातून एकदा मोठं पाकीट, बाकी हट्ट चालूच असतो.

साइड इफेक्ट सांगते. पोरं पोलीस होतात. पाहुण्यांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी बघून थोरली "तुम्ही कापडी का नाही आणली?" असं सरळ तोंडावर विचारते, तेही नवऱ्याच्या काकांना. आता नियम केलाय, नियम फक्त आपल्या घरातल्यांना, पाहुण्यांना नाही. आणि वाढदिवसाला फुगे हवे म्हणाली तर आणले. प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं की पोरांना हा विषयच शिक्षा वाटायला लागतो, असं माझं मत.

सध्या कलिंगडाचा सीझन आहे, सालींना इतकं पाणी सुटतं की बादली आंबट वास मारते आणि वाळलेली पानं पुरत नाहीत. पानगळीत दोन पोती भरून ठेवली होती ती संपत आली. पुण्यात 'ब्राउन लीफ' म्हणून ग्रुप आहे, ज्यांच्याकडे पानं जास्त आणि ज्यांना हवीत त्यांची गाठ घालून देतात, तिथे विचारणार आहे. तोवर साली बारीक चिरून एक दिवस उन्हात वाळवतोय, सुरी माझ्याकडे आणि पसरायचं काम पोरांकडे.