नागपुरात खायचे कुठे, त्याआधी खायचे केव्हा

मे २०१३ मध्ये बदली होऊन मी साताऱ्याहून नागपुरात राहायला आलो, त्याच महिन्यात या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. घर लागायचे होते, गॅसची जोडणी मिळायची होती आणि कुटुंब जूनअखेरीस येणार होते, त्यामुळे जवळजवळ दोन महिने सकाळचा नाश्ता, दुपारचे आणि रात्रीचे जेवण असे सगळेच बाहेर होत असे. नव्या शहरात आलेला कोणीही माणूस जसा शोध घेतो तसाच मीही घेतला: मोठी पाटी, थंड हवेचे दालन, दारासमोर उभ्या असलेल्या गाड्या. त्या शोधात एका रविवारी, दुपारी चार वाजता, ‘सावजी’, म्हणजे नागपूरच्या खास मसालेदार जेवणाची, ठळक अक्षरांतील पाटी पाहून मी एका ठिकाणी जेवायला बसलो. सकाळचा रस्सा पुन्हा पुन्हा उकळून दाट झाला होता, मसाला कडवट लागत होता आणि भाकर कधीची तरी करून फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. पुढचे दोन दिवस मी अंथरुणातून उठलो नाही.

खालच्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त शिक्षक, ज्यांचा जन्मच नागपूरच्या महाल या जुन्या भागातला, माझी चौकशी करायला वर आले. सगळी हकिगत ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “तुम्ही हॉटेल शोधून राहिले ना, म्हणून सापडत नाही. पयले काय खाचं आहे ते ठरवा, मंग ते किती वाजता होते ते विचारा. कुठं, ते मंग आपोआप समजते.” मी त्यांना काका म्हणू लागलो तो त्या दिवसापासून, आणि या शहरात पुढे जे काही चांगले खाल्ले ते बहुतेक त्यांच्या या सांगण्यामुळे खाल्ले.

तर्री पोह्यांचे उदाहरण घ्या. नागपूरची सकाळ या पदार्थाची असते आणि शहराच्या जवळजवळ प्रत्येक चौकात तो मिळतो. कस्तुरचंद पार्कच्या परिसरात तर खास त्यासाठी लांबून माणसे येतात. पण सकाळी सातचे पोहे आणि अकराचे पोहे हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे मला काकांबरोबर टपरीवर उभे राहिल्यावर समजले. पोह्यांचा ढीग मोठ्या परातीत असतो आणि परातीखालच्या पातेल्यातले पाणी उकळत असते, म्हणून पोहे वाफेवर मऊ आणि मोकळे राहतात. शेजारच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रात्रभर भिजवलेल्या काळ्या हरभऱ्यांचा रस्सा असतो व त्यावर बोटभर लाल तेलाचा थर चढलेला असतो. हा थर म्हणजेच तर्री. चांगला टपरीवाला पळीच्या पाठीने तो थर हलकेच बाजूला सारतो, तळातून हरभरे आणि रस्सा उचलतो, पोह्यांवर ओततो, आणि मग पळीचे टोक वरच्या वर फिरवून नेमकी चमचाभर तर्री शेवटी सोडतो. त्यावर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. घाईत पळी सरळ बुडवून जे हाताला येईल ते वाढले, तर पहिल्या दहा ताटल्यांत सगळी तर्री संपते आणि नंतर येणाऱ्यांना नुसते पाणी मिळते. म्हणून मी नव्या टपरीवर गेलो की आधी दोन-तीन जणांना वाढेपर्यंत थांबतो आणि फक्त त्या पळीकडे पाहतो. उन्हे वर आली की हरभरा फुटू लागतो, पोहे गोळा होऊ लागतात, आणि मग टपरी कितीही नावाजलेली असली तरी मी चहा घेऊन परत फिरतो.

सावजीच्या बाबतीत मात्र वेळेबरोबर इतिहासही माहीत असावा लागतो. हे जेवण मुळात हलबा कोष्टी समाजाच्या घरांतले, म्हणजे विणकरांच्या घरांतले. नागपुरात हातमाग पूर्वीपासून होते, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी या भागांत विणकरांच्या वस्त्या होत्या. मागाचा धंदा बसत गेला तसे अनेक घरांनी स्वयंपाकघराचाच व्यवसाय केला. घराच्या पुढच्या खोलीत चार बाकडी टाकली आणि भोजनालय उभे राहिले. आजही चांगले सावजी जेवण बहुतेक वेळा अशाच खोलीत मिळते, जिथे मालकीण आत चुलीपाशी असते आणि मुलगा बाहेर वाढत असतो. पूर्वी हा स्वयंपाक जवसाच्या तेलात होत असे. दगडफूल, काळी मिरी, खसखस, सुके खोबरे आणि इतर बरेच मसाले भाजून वाटलेले असतात, रस्सा दाट करायला ज्वारीचे पीठ लावतात, आणि त्यामुळे त्याचा रंग लाल नसतो, तो काळपट तपकिरी असतो.

कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तिखटाची भीती नव्हती, तरी सावजीचे तिखट ओळखायला मला वेळ लागला. नुसत्या मिरचीचे तिखट जिभेच्या शेंड्यावर पेटते आणि पाणी प्यायले की उतरते. भाजलेल्या मसाल्याचे तिखट उशिरा येते, घशाशी बसते आणि घासागणिक वाढत जाते. रस्सा तोंडात घेताक्षणी जीभ पोळली तर त्या ठिकाणी मसाल्याची कसर मिरचीने भरून काढलेली आहे, असे मी खुशाल समजतो. तिखटपणाच्या जोरावर नाव कमावलेली काही ठिकाणे आहेत आणि बाहेरगावची मंडळी तिथे पैजा लावून जेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांना सावजीची चव कळतच नाही.

सावजी भोजनालयाची पारख करायची तर पहिल्या खेपेला मटण मागवू नये. डाळकांदा मागवावा. हरभऱ्याची डाळ, भरपूर कांदा आणि तोच मसाला, एवढाच हा पदार्थ असतो, आणि त्यात लपायला जागा नसते: डाळ अखंड असून दाबली की मोडली पाहिजे, कांदा विरघळलेला पाहिजे आणि मसाला कच्चा लागता कामा नये. डाळकांदा जमला असेल तर पाटोडी रस्सा, खूर (बकऱ्याचे पाय), सुंदरी (बकऱ्याची आतडी), मटण, काहीही डोळे मिटून मागवावे. जेवायची वेळ दुपारी साडेबारा ते दीड किंवा रात्री आठच्या आसपास, जेव्हा गंज नुकताच उतरलेला असतो आणि भाकर तव्यावरून थेट ताटात येते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, १९५३ च्या नागपूर कराराने ठरलेली ही रीत आहे, तेव्हा शहरात राज्यभरातून माणसे येतात आणि ओळखीच्या भोजनालयांत पाय ठेवायला जागा राहत नाही. त्या दिवसांत मी दुपारी बाराच्या आधीच जाऊन येतो.

एक गोष्ट नव्या माणसाला सांगितलीच पाहिजे. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पाटीवर ‘सांबारवडी’ वाचून इडलीबरोबरचे सांबार डोळ्यांसमोर आणू नये. ती कोथिंबिरीचे सारण भरलेली, तळलेली पुडाची वडी असते, आणि कढीबरोबर ती हिवाळ्यात खावी, कारण तेव्हा बाजारात कोवळा, सुगंधी सांबार जुड्यांनी येतो. उन्हाळ्यात तीच वडी अर्धी बेसनाचीच निघते.

लांब पोळी, जिला बरेच जण लंबी रोटी म्हणतात, ती संध्याकाळची. जुन्या वस्त्यांमध्ये रस्त्याच्या कडेला बायका चूल मांडून बसतात, चुलीवर मातीचे मडके पालथे घातलेले असते. कणीक इतकी सैल असते की ती हातावर ठरत नाही. बाई ती दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत ओघळू देत वाढवत नेते आणि रुमालासारखी पातळ झाली की एका झटक्यात मडक्यावर पसरते. मिनिटभरात ती उतरते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नुसता उभा राहून दहा-बारा पोळ्या होताना पाहत होतो. ही पोळी चुलीपाशी उभे राहूनच घ्यावी आणि ताबडतोब घरी नेऊन रश्श्याबरोबर खावी, कारण गार झाली की ती चिवट होते.

गोळाभातासाठी हॉटेलांत फार फिरू नये. हरभऱ्याची डाळ जाडसर भरडून तिचे गोळे भातातच वाफवायचे आणि वर कडकडीत फोडणी ओतायची, हे घरचे काम आहे. ‘विष्णूजी की रसोई’सारखी वऱ्हाडी जेवणासाठी ओळखली जाणारी ठिकाणे शहरात आहेत, पाहुण्यांना तिथे जरूर न्यावे, पण गोळाभाताचा खरा पत्ता म्हणजे एखादा शेजारी, आणि त्या बाबतीत मी भाग्यवान ठरलो.

जरीपटक्यात सिंधी वस्ती आहे, तिथे रविवारी सकाळी दाल पकवान खावे. रमजानात मोमिनपुऱ्यात रोजा सुटल्यानंतर रात्रभर जाग असते, तिथे उशिरा जावे आणि सावकाश फिरत खावे.

पिण्याच्या गोष्टींमध्येही वेळच महत्त्वाची. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण चांगले संत्रे बारा महिने मिळत नाही. आंबिया बहाराची फळे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. या दोन हंगामांखेरीज कोणी ताजा संत्रारस देऊ करत असेल तर मी ऊस किंवा लिंबू-सरबत पसंत करतो. शिवाय संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो. बी आणि सालपटाच्या आतला पांढरा भाग चिरडला गेला की त्यातील एका घटकापासून रसात हळूहळू कडू लिमोनिन तयार होते आणि काढताना गोड असलेला रस काही वेळाने तोंड वाकडे करायला लावतो. म्हणून जगमध्ये भरून ठेवलेला रस घेऊ नये, आपल्यासमोर हलक्या हाताने काढायला सांगावा आणि तिथेच संपवावा. आइस्क्रीमसाठी हे शहर दिनशॉजवर वाढले आहे, १९३२ पासूनची ही नागपूरची कंपनी, आणि मे महिन्याच्या रात्री अकरा वाजता सहकुटुंब आइस्क्रीम खायला बाहेर पडणे ही इथली गरजच आहे. भर उन्हाळ्यात दुपारी मात्र खोबऱ्याची चटणी, कापून ठेवलेली फळे आणि कुठला आहे ते माहीत नसलेला बर्फ मी टाळतो; अशा उन्हात ओले वाटण दोन-तीन तासांतच आंबते आणि बर्फ घातलेले सरबत कितीही मोहात पाडत असले तरी त्यातले पाणी आपल्याला दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयाजवळचा रस्ता खोदला गेला आणि ज्या टपरीवर मी कित्येक वर्षे पोहे खात आलो ती एका सोमवारी जागेवर नव्हती. मोबाईलच्या नकाशावर ती आधीही नव्हती. तीन दिवस मी आसपास शोधले, मग गुरुवारी सकाळी चौकातल्या पेपरवाल्याला विचारले. तो म्हणाला, “तुमचे पोहेवाले काय? ते शाळेच्या मागं बसून राहिले आता. पण नऊच्या आत जा, नऊला शाळेच्या गाड्या येतात तं ते आवरून घेते.” आठ वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मी जवळजवळ धावतच गेलो. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून तोच गंज, तीच परात मांडलेली होती, आणि काका माझ्याआधीच तिथे येऊन, हातात ताटली घेऊन उभे होते.