प्रेशर वॉशिंगचा धंदा: बारच्या आकड्याला भुलू नका

जोरदार धारेने धुणारं मशीन घ्यायला दुकानात उभं राहिलं की डोळा आधी जातो तो बारच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या आकड्यावर. २०० बार म्हणजे १५० पेक्षा भारी, असा सरळ हिशोब. स्वतःचं अंगण धुण्यापुरता तो चालून जातो. पण पैसे घेऊन दुसऱ्याची भिंत धुवायला निघालात की जास्तीचा जोर महागात पडतो. रंगाचे पोपडे निघतात, विटांमधल्या दरजा पोखरल्या जातात, लाकडाचे तंतू उभे राहतात आणि आठवड्याची कमाई एका भरपाईत जाते. या कामात कमी खर्चाचा आणि सुरक्षित रस्ता एकच आहे: दाब बेताचा, पाणी भरपूर, आणि औषधाला, म्हणजे घाण सोडवणाऱ्या केमिकलला, मुरायला वेळ.

घाण सुटते दाबाने, पण वाहून जाते पाण्याने. दोन्हींना लागणारी ताकद शेवटी मोटरमधूनच येते आणि त्याचं गणित सोपं आहे. बार गुणिले मिनिटाला लिटर, भागिले ६००, म्हणजे पाण्यात उतरणारे किलोवॅट. समजा लेबलवर २.२ किलोवॅट मोटर, २०० बार आणि १५ लिटर असं छापलंय. २०० गुणिले १५ भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॅट. २.२ किलोवॅटच्या मोटरमधून ते येणार कुठून? बहुधा जास्तीत जास्त दाब आणि जास्तीत जास्त पाणी हे दोन वेगवेगळ्या स्थितींतले आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. पंपातली घट धरली तर २.२ किलोवॅटच्या मोटरकडून १२० बारला साधारण ९ लिटर मिळतील. छोट्या कामाला तेवढं पुरतं.

सुरुवातीच्या मशीनमध्ये आकड्यांपेक्षा दोन गोष्टी बघा. मोटर इंडक्शनची, म्हणजे ब्रश नसलेली हवी. घरगुती मशीनमध्ये बहुधा ब्रश असलेली मोटर असते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण कर्कश वाजते आणि रोज तासन्‌तास चालवायला केलेली नसते. दुसरी गोष्ट पंपाची. स्वस्तातल्या ॲक्सियल पंपाचं (यात तिरकी फिरती चकती पिस्टन ढकलते) ऑइल बदलायची सोय बऱ्याचदा नसतेच. ऑइलचा बूच आणि बघायची काच असलेला पंप घेतलात तर सील गेल्याचं वेळेत कळतं: ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं की त्यात पाणी शिरलंय. पहिलं ऑइल ५० तासांनी बदला, पुढचं मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे. पेट्रोलचं मशीन घ्यायचं ते जिथे वीज मिळत नाही अशा कामांसाठीच, आणि तेही उघड्यावर. बेसमेंट, बंद पार्किंग किंवा शेडमध्ये इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. दार उघडं ठेवून भागत नाही.

पहिली दोन-चार कामं भाड्याच्या मशीनवर करून बघावीत असं आमचं मत. आपल्याला कुठलं काम जास्त मिळतंय, फरशीचं की भिंतींचं, हे तोवर कळतं आणि खरेदी त्याप्रमाणे होते. गरम पाण्याचं मशीन, ट्रेलर, पाइप गुंडाळायची मोठी रील यांची घाई नको.

गनच्या टोकाला बसणारं नोझल हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, कोन आणि भोकाचा नंबर. कोनाचे रंग बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: लाल ०, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० अंश, आणि काळा साबणासाठी. पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटरवर धरलं तर १५ अंशाचा पट्टा साधारण ८ सेंटिमीटर रुंद पडतो, २५ चा १३ आणि ४० चा २२. पाणी तेवढंच, फक्त पसरतं. लाल नोझल पेटीतून काढून ठेवा. त्याची सुईसारखी धार काँक्रीटवरही रेघ ओढते आणि कातडी तर सहज फाडते.

भोकाचा नंबर चुकला की लोक पंपाला दोष देतात. नंबर मोठा म्हणजे भोक मोठं. ९ लिटर आणि १२० बारच्या मशीनला ०३५ नंबर बसतो. तिथे ०४ लावला तर दाब १०० च्या खाली येतो. ०३ लावला तर सगळं पाणी त्यातून मावत नाही. दाब चढतो आणि अनलोडर व्हॉल्व्ह उरलेलं पाणी मागे वळवत राहतो. मशीन दर थोड्या वेळाने हिसके देत असेल तर आधी नोझलमध्ये अडकलेला वाळूचा कण बघा. उलट, दाब महिन्यागणिक उतरत असेल तर भोक झिजलंय. क्षेत्रफळ नुसतं १० टक्के वाढलं तरी दाब १७ टक्क्यांच्या आसपास पडतो. पंप खोलायच्या आधी नवं नोझल लावून बघणं केव्हाही स्वस्त.

जोडण्या विकत घेताना एक फसवी जागा आहे. एम २२ चा (२२ मिलिमीटरचा) आटा एकच असला तरी आतली पिन १४ मिलिमीटरची असते किंवा १५ ची. आटे छान बसतात, पण १४ ची पिन १५ च्या सॉकेटमध्ये सैल राहते आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, पाणी येतच राहतं. सील पिनवरच्या ओ-रिंगने, म्हणजे रबरी कड्याने होतं, आट्याने नाही. नवा पाइप घेताना जुनी पिन कॅलिपरने मोजून जा आणि पाच-सहा जास्तीच्या ओ-रिंग खिशात ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम त्या एवढ्याशा रिंगेवरून अडतं.

पंप मरतो तो मात्र बहुतेक वेळा पाण्याविना. आत येणारं पाणी कमी पडलं की पंपात पोकळी तयार होते, बुडबुडे फुटतात, व्हॉल्व्ह खडखडतात आणि सील जातात. म्हणून कामाच्या जागी गेल्यावर मशीन उतरवण्याआधी २० लिटरची बादली नळाखाली धरा. ९ लिटरच्या मशीनला त्याच्या दीडपट पाणी हवं. म्हणजे बादली ९० सेकंदांत भरली पाहिजे. जास्त वेळ लागला तर मधे टाकी ठेवा. २०० लिटरचं पिंप गन सतत चालू ठेवली तर २२ मिनिटं टिकतं. शिवाय नळ चालू असतोच, त्यामुळे प्रत्यक्षात बराच जास्त वेळ मिळतो. पिंप पंपापेक्षा उंचावर ठेवा आणि खालचा पाइप जाड, दबून चपटा न होणारा घ्या. जाळीचा फिल्टर रोज धुवायचा.

गन सोडली आणि मशीन चालूच राहिलं तर तेच पाणी पंपात गोल फिरत तापतं. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर मशीन बंद करा. काही मशीन गन सोडताच आपोआप बंद होतात. तशी सोय असेल तरी जेवायला जाताना प्लग काढाच.

वीज आणि पाणी एकत्र म्हटल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. गिऱ्हाइकाच्या बोर्डात तो आहे की नाही हे गृहीत धरू नका; तो लावलेला स्वतःचा बोर्ड बरोबर न्या आणि टेस्टचं बटण दाबून बघा. लांब जायचं असेल तर वायर लांबवू नका, पाण्याचा पाइप लांबवा. बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. वायर वाढवणं भागच असेल तर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, पूर्ण उलगडा (गुंडाळलेली वायर वितळते) आणि जोड जमिनीपासून वर ठेवा.

आता ज्या इजेकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात, ती. धार बोटात शिरली तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं. रक्त नाही, सुरुवातीला दुखणंही बेताचं. आत मात्र पाणी, साबण आणि घाण पेशींमध्ये खोलवर गेलेली असते आणि काही तासांत बोट गमावायची वेळ येऊ शकते. पट्टी बांधून काम चालू ठेवायचं नाही. लगेच तातडीच्या विभागात जा आणि 'हाय-प्रेशर इंजेक्शन इंजुरी' हेच शब्द वापरून सांगा, म्हणजे ती साधी जखम म्हणून बाजूला पडणार नाही. आत साबण किंवा केमिकल होतं का, तेही सांगा. याच कारणाने पाइपातली बारीक गळती हाताने चाचपायची नाही. पुठ्ठा धरून बघा. मशीन बंद केल्यावर गन दाबून दाब सोडा, मगच जोडणी उघडा.

शिडीवर उभं राहून धुणंही नको. ९ लिटर आणि १२० बारची गन साधारण अडीच किलोच्या जोराने मागे ढकलते. जमिनीवर ते जाणवत नाही. शिडीवर, ओल्या बुटांनी, गन सुरू होण्याच्या क्षणी तेवढा हिसका पुरतो. वरच्या भागाला लांब लान्स (गनच्या पुढची नळी) वापरा, नाहीतर ते काम घेऊ नका. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद गॉगल, पायात जाड गमबूट, इंजिन असेल तर कानाला संरक्षण.

केमिकलचं गणित एकदा नीट समजलं की दाबाची गरज बरीच कमी होते. हिरवं-काळं शेवाळ दाबाने खरवडलं तर त्याचा जिवंत अंश तिथेच राहतो आणि काही आठवड्यांत ते परत येतं. सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचमधल्या औषधाने, ते मरतं. भिंतीवर ०.५ ते १ टक्का पुरतो. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग औषध आणि नऊ भाग पाणी मिळून १ टक्का होतो. ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर एकास चार. उन्हात ठेवलेलं द्रावण लवकर उतरतं, त्यामुळे गेल्या मोसमातल्या कॅनवरच्या आकड्यावर विसंबू नका. ते पंपातून ओढू नका, सील आणि धातू दोन्ही खातं. साध्या हातपंपाने खालून वर मारा म्हणजे ओघळाचे पट्टे उमटत नाहीत, ५ ते १० मिनिटं थांबा, वाळू देऊ नका आणि वरून खाली धुवा. झाडांवर आधी आणि नंतर भरपूर साधं पाणी.

ब्लीचमध्ये ॲसिड कधीही नाही. क्लोरीन वायू निघतो. गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरायचं असेल तर ब्लीच पूर्ण धुऊन निघाल्यावर, वेगळ्या बाटलीतून आणि वेगळ्या ब्रशने. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचबरोबर चालत नाही. संगमरवर आणि चुनखडीच्या दगडावर तर कुठलंच ॲसिड नको. चकाकी जाते ती परत येत नाही.

प्रत्यक्ष धुताना ६० सेंटिमीटरवरून सुरू करून हळूहळू जवळ यायचं, जिथे घाण सुटते तिथे थांबायचं. उलटं कधी नाही. कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी आधी हातभर तुकडा धुऊन, वाळवून बघा. ओलं असताना सगळंच स्वच्छ दिसतं. मोठ्या फरशीवर नुसती गन फिरवली तर वाळल्यावर झेब्र्यासारखे पट्टे दिसतात. तिथे गोल फिरणाऱ्या दोन नोझलचा सरफेस क्लीनर हवा आणि ९ लिटरच्या मशीनला ३० सेंटिमीटर व्यासाचा पुरे. मोठा घेतला तर फिरतो, पण धूत नाही. त्यातल्या दोन नोझलची बेरीज मशीनच्या नंबराला जुळली पाहिजे. ०४ च्या मशीनला दोन ०२.

काही गोष्टींना हो म्हणायचंच नाही. ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे धुतले तर तंतू हवेत आणि पाण्यात जातात. जुन्या इमारतीच्या सुटत चाललेल्या रंगात शिसं असू शकतं. नवं काँक्रीट २८ दिवसांचं झाल्याशिवाय त्यावर दाब नको. खिडक्यांची रबरं, विजेचे दिवे आणि एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पट्ट्या यांवर सरळ धार मारायची नाही. टायरच्या बाजूलाही जवळून नाही. आतली इजा बाहेरून दिसत नाही.

मळकं पाणी कुठे जातंय हे काम ठरवतानाच बघा. पावसाच्या पाण्याची गटारं बऱ्याच ठिकाणी थेट ओढ्या-नदीत जातात. तेलकट जागा असेल तर आधी तेल शोषणारी भुकटी टाकून झाडून घ्या, गटाराचं तोंड झाका आणि पाणी वेट व्हॅक्युमने (पाणी ओढणाऱ्या व्हॅक्युमने) उचला. सांडपाण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. दर ठरवण्याआधी स्थानिक यंत्रणेकडे विचारा, कारण पाणी उचलायचं म्हटलं की वेळ बराच वाढतो.

दराचा पाया तासांवर ठेवा, गिऱ्हाइकाला मात्र क्षेत्रफळावर सांगा. त्यासाठी १० चौरस मीटर धुवायला स्वतःला किती मिनिटं लागतात ते तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांवर घड्याळ लावून मोजा. त्यात पाइप पसरणं, गुंडाळणं, प्रवास आणि औषध मुरण्याचा वेळ धरा. मशीनची किंमत ३०० तासांत वसूल व्हावी असा भाग प्रत्येक तासात घाला. मशीन त्याहून जास्त चाललं तर दुरुस्तीला पैसे हाताशी राहतात. छोट्या कामाला किमान दर हवाच. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा घेताना एक ओळ शोधून वाचा: ज्या वस्तूवर काम चाललंय तिचंच नुकसान बऱ्याच पॉलिसींमधून वगळलेलं असतं. आपल्याला तर नेमकं तेच हवं असतं.

काम सुरू करण्याआधी आधीच्या भेगा, सुटलेल्या लाद्या आणि उडालेला रंग यांचे फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. सोबत कोणता डाग पूर्ण जाईल आणि कोणता फक्त फिका होईल, हे एक-दोन ओळींत लिहा. काँक्रीटमध्ये मुरलेलं तेल दुसऱ्या गटात टाका.