बाप धावतो तेव्हा तबला थांबवा

नाताळ किंवा हंगामी सण जवळ आला की चर्चच्या मंडळीत कोणीतरी म्हणतेच, "पाळकसाहेब, यंदा कीर्तन ठेवूया." जरूर ठेवा. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या भजनांनी मराठी उपासनेला तिचा स्वतःचा सूर दिला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हा वारसा आपल्या घरचा आहे. पण आज पुष्कळदा रविवारचाच तीन मुद्द्यांचा संदेश घेतात, त्यात सहा गाणी घालतात आणि कीर्तन झाले म्हणतात. कीर्तनात कथेने काम करायचे असते, मुद्द्यांनी नव्हे.

उदाहरणाला लूक 15:11-32 घेऊ, उधळ्या पुत्राची कथा. वचने 22. ती सुरुवातीला एकदाच, सावकाश वाचावीत. पुढे कथेच्या मध्ये "अध्याय अमुक, वचन तमुक" म्हणायचे नाही. तेवढ्याने श्रोता कथेतून उठून पुस्तकात जातो.

एकूण वेळ दीड तास धरा. नमन पाच मिनिटे. पूर्वरंगाला, म्हणजे विचार मांडायच्या पहिल्या भागाला, तीन-चार चरणांचे एकच मूळपद आणि त्यावर वीस मिनिटे निरूपण, त्यापुढे नको. मग आठ-दहा मिनिटे सगळ्या मंडळीचे भजन. उरलेला सगळा वेळ उत्तररंगाला, म्हणजे कथेच्या आख्यानाला. चुकते ते इथेच. पूर्वरंग पन्नास मिनिटे चालतो, मुले आईच्या मांडीवर झोपतात आणि आख्यान उभे राहण्याआधी शेवटच्या बसची आठवण होते.

साथीचे ठरवताना आधी कीर्तनकाराला त्याचा सूर, म्हणजे पेटीची कोणती पट्टी, ते विचारा. पुरुष कीर्तनकार बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात, स्त्रिया काळी चार-पाचमध्ये. काळी चार असेल तर काळी एकचा तबला मध्यमात, म्हणजे गाणाऱ्याच्या 'म' सुरात, लागून निभावतो, काळी पाचला तो चालत नाही. हे आदल्या दिवशी कळले तर दुसरा तबला आणता येतो. झांजेचे दोनच जोड पुरेत, स्लॅबच्या छताच्या चर्चमध्ये आवाज घुमतो. आणि कळकळीने सांगतो, कीबोर्डवरचा तयार ठेका लावू नका. कीर्तनकार शब्दावर थांबला की तबलजी त्याच्याबरोबर थांबतो, यंत्र थांबत नाही. तबलजी आणि पेटीवाला दोघांनाही कीर्तनकाराचा चेहरा दिसेल असे बसवा.

आता आख्यान. धाकटा म्हणतो, माझा वाटा द्या. वाटणी म्हणजे काय हे आपल्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. सातबारा, बांध, भावाभावांतला अबोला, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे असते. इथे घाई करू नका. बाप जिवंत असताना मागितलेली वाटणी आहे ही. आणि बापाने दोघांनाही वाटून दिले, थोरल्यालाही मिळाले, हे वाक्य स्वच्छ म्हणा. पुढे ते लागणार आहे. धाकट्याने पैसा उडवण्याचा भाग कटावात, म्हणजे धावत्या यमकांच्या पद्यात, भरभर संपवावा. त्यात रंगणारे कीर्तनकार पुष्कळ असतात, पण कथेचा जीव तिथे नाही.

कंगाल झालेला धाकटा डुकरे चारतो, त्या डुकरांच्या शेंगांपाशी एक अडचण येते. आपल्याकडे शेंगा म्हटले की मुलांना भुईमुगाच्या आठवतात आणि खायची चैनच वाटते. तिथल्या शेंगा कॅरोबच्या झाडाच्या, जनावरांपुढे टाकायच्या. "बाभळीच्या शेंगा, शेळ्या खातात तशा" असे म्हटले की गावातला पोरगाही गप्प होतो.

मग विसावे वचन, परत येणारा मुलगा दूर असतानाच बाप त्याला पाहतो ते. याला ओवी हवी. प्रत्येकाने आपली बांधावी, ती अवघड नसते: पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड. नमुन्याला ही घ्या:

दिवस कलला, धूर चढला ।
वाटेवरी डोळा अडला ।
तोच ओळखीचा पाय पडला ।
बाप धावे ॥

"बाप धावे" म्हणताच तबला, झांजा, पेटी सगळे बंद. दोन श्वास काहीही नको. आपल्याकडे घरातला कर्ता म्हातारा भर गावातून धावत नाही; लोक त्याच्याकडे चालत येतात. हा धावतो. का धावतो ते सांगू नका. मराठी बायबलात तिथे 'कळवळा' हा शब्द आहे, वारकऱ्याच्या घरीही तो तितकाच ओळखीचा. तेवढा एकच शब्द, साध्या आवाजात, आणि पुढे चला.

मंडपात शेजारपाजारचे, इतर धर्मांचे लोक बसलेले असतात. त्यांच्या दैवतांवर, चालीरीतींवर शेरा मारून टाळी मिळवणे हे पाप आहे असे मी मानतो. ते आपल्या दारी पाहुणे आहेत. उपरणे, चिपळ्या यांवर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची हरकत असेल तर तीही आधी बसून ऐकून घ्या, कार्यक्रमाच्या दिवशी वाद नको.

शेवट थोरल्याचा. तो शेतातून येतो आणि घरात चाललेले गाणेबजावणे त्याच्या कानी पडते. या वेळी पेटी आणि झांजा मागे हळू चालू ठेवा, म्हणजे तो जे ऐकतो तेच मंडळी ऐकते. तो आत येत नाही. बाप पुन्हा बाहेर येतो, त्याच्यासाठी, आणि समजूत घालतो: माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे. सुरुवातीची वाटणी इथे परत आठवते. थोरला काय म्हणाला, आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. तुम्हीही त्याला आत आणू नका. त्याला दारातच उभा ठेवून बापाच्या शब्दांवर थांबा. मग शेवटचे भजन, अर्पण आणि आशीर्वाद.